कौटुंबिक कपाटातलं चार हजार एकशे सहा

मला याद्या करायची सवय आहे. प्रवासाला निघताना बॅगेच्या झाकणाला आतून यादी चिकटवते आणि परतताना त्याच यादीवर दुसऱ्या रंगाच्या पेनानं खुणा करते. आमचे हे एकदा म्हणाले, "तुझ्या वाचनालयात मी असतो तर कुठल्या कपाटात ठेवलं असतंस?" मी म्हटलं, "इतर." त्यावर ते दोन दिवस नाराज होते. पण मी खोटं बोलले नव्हते. जे पुस्तक ऐतिहासिक, रहस्य, विनोदी किंवा कौटुंबिक यात बसत नाही, ते आमच्याकडे 'इतर'मध्ये जातं आणि पुष्कळदा तेच सगळ्यात जास्त टिकतं.

बेंगळुरात राजाजीनगरला आमच्या मंडळाचं मराठी वाचनालय आहे. तिथे बावीस वर्षं मी पुस्तकं देते, घेते, शिवते, चिकटवते आणि हरवलेली शोधून आणते. आमचं घर पिढ्यान् पिढ्या इथलं. शाळा कन्नडमध्ये, नोकऱ्या इंग्रजीत आणि मराठी स्वयंपाकघरात. अशा गावात मराठी पुस्तक हातात पडणं किती अवघड असतं, ते पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगून कळणार नाही. म्हणून आम्ही पुस्तकंच घरी पोचवतो. दर घराला एक कापडी पिशवी, पिशवीत दोन पुस्तकं. म्हाताऱ्या सभासदांना फोनवर विचारायचं, "काय पाठवू?" बहुतेक जण म्हणतात, "तूच बघ, लता." मग मी बघते.

आता कामाचं थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पुस्तक आलं की त्याला दाखल क्रमांक मिळतो. मग खाकी कव्हर चढतं, कारण इथल्या दमट हवेत मूळ कव्हर दोन वर्षंही टिकत नाही. कव्हरवर नाव नसतं, फक्त क्रमांक आणि कपाटाचं नाव. शेवटच्या पानावर एक रेघांचा कागद डकवलेला असतो. त्याला आम्ही शेरा-चिठ्ठी म्हणतो. वाचून झालं की एक ओळ लिहायची, सही करायची नाही. कुणी कधी काय नेलं, ते देवघेवीच्या वहीत. ती वही माझी, ती मी कुणालाही दाखवत नाही. एखादं पुस्तक बाहेर असेल आणि कुणाला हवं असेल, तर प्रतीक्षा यादी. ती मात्र दाराजवळच्या हिरव्या फळ्यावर लावलेली असते, पूर्ण नावांनिशी. तशी नसली तर "आधी मी सांगितलं होतं" म्हणून भांडणं होतात.

वही न दाखवण्याचा नियम कुठे छापलेला नाही. तो मला एका चुकीनं शिकवला. कामाला लागले त्याच्या दुसऱ्याच वर्षी एका सभासद बाईंनी सहज विचारलं, "आमची सून काय वाचते गं हल्ली?" मी कौतुकानं वही उघडून वाचून दाखवलं. त्यात घटस्फोटाच्या कायद्यावरचं एक पुस्तक होतं. ती सून पुन्हा वाचनालयात आली नाही. पुस्तक मात्र टपालानं परत आलं, नीट बांधलेलं. तिचं पुढे काय झालं, ते मला माहीत नाही. मला अजूनही त्या पुडक्यावरचं तिचं अक्षर आठवतं.

तर ४१०६. तीन वर्षांपूर्वी एका खोक्यातून साठ पुस्तकं एकदम आली. मी प्रत्येकाच्या मागच्या कव्हरवरच्या दोन ओळी वाचून कपाट ठरवत होते. हे माझं दुसरं चुकणं. एका जाडजूड कादंबरीच्या मागे लिहिलं होतं, 'दोन जिवांनी तीस वर्षांत मिळून उभ्या केलेल्या घराची गोष्ट.' मी कौटुंबिकचा शिक्का मारला, खाकी कव्हर चढवलं आणि विषय संपवला. ते दोन जीव म्हणजे तालुक्याच्या गावातला माधव नावाचा चित्रकलेचा मास्तर आणि दत्ता नावाचा सायकल दुरुस्तीवाला आहेत, ही सरळसरळ त्या दोघांची प्रेमकथा आहे, हे मला सगळ्यात शेवटी कळलं.

आधी कळलं सुलोचनाक्कांना. वय शहात्तर, आमच्याच गल्लीत राहतात, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. त्यांना कौटुंबिकच लागतं. आठव्या दिवशी फोन आला.

"लते, ते पुस्तक तू वाचलंस का?"

"नाही अक्का. का? पानं सुटली आहेत का?"

"पानं सगळी आहेत. त्यात दोघं बाप्येच आहेत."

मला वाटलं, भावाभावांची गोष्ट असेल. म्हटलं, "मग?"

"मग काय मग! जीव जडलाय एकमेकांवर. मी पहिल्यांदा स्वल्प दचकले. चष्मा पुसून परत वाचलं. मग म्हटलं, सरी, असू दे, बघू तरी."

"पाठवून द्या परत. दुसरं देते."

"अगं, संपलं की! तक्रार वेगळीच आहे. घरात स्वयंपाक कोण करतं, ते नीट सांगितलंच नाही. दोनशे पानं झाली, दोघं जेवतात, भांडतात, पण फोडणी कोण देतं? आणि तो माधव चिडला की न जेवता झोपतो. अगदी आमच्या यांच्यासारखा. मला त्याचा राग आला बघ."

मी फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. पुस्तक 'इतर'मध्ये हलवायचं, असं कामाच्या यादीत लिहिलं. पण अक्कांच्या पिशवीतून ते परस्पर सर्जापूर रोडला गेलं, कारण महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी सकाळी तिकडच्या दोन सोसायट्यांच्या क्लबहाऊसमध्ये मी टेबल मांडते. तिथली मंडळी पुण्या-मुंबईहून आलेली, संगणकातली. नेहा त्यांच्यातली सगळ्यात पटापट वाचणारी. पुढच्या महिन्यात तिनं पुस्तक टेबलावर जवळजवळ आपटलंच.

"लताताई, हे फार म्हणजे फारच स्लो आहे! पान एकशे ऐंशीपर्यंत हातसुद्धा धरत नाहीत. एकशे ऐंशी! मी ऑफिसच्या कॅबमध्ये ओरडले, अरे धर ना!"

"मग आवडलं नाही?"

"आवडलं ना. रडले. पण इतकं घाबरत घाबरत कशाला लिहायचं? आता कोण घाबरतं?"

हे ती तिच्या सोसायटीत उभी राहून म्हणत होती. त्या रात्री पुस्तक स्वतः वाचायला घेतलं. मला ते किती आवडलं, हे सांगायला ही जागा नाही. एवढं सांगते की दत्ता माधवच्या सायकलची घंटा दुरुस्त करून देतो आणि पैसे घेत नाही, त्या पानावर मी खूण घातली. मी पुस्तकांत खुणा घालणाऱ्यांना दंड करते.

'इतर'मध्ये हलवायचं काम यादीत तसंच राहिलं. मी ते पुढच्या आठवड्यावर ढकलत गेले. असं माझ्याकडून सहसा होत नाही.

शेरा-चिठ्ठी भरत चालली. आमच्याकडे लोक 'छान', 'वाचनीय', 'ठीक' एवढंच लिहितात. ४१०६वर मात्र ओळी वाकड्यातिकड्या होऊन समासात शिरल्या. एकानं लिहिलं, 'वाचनालयात असली पुस्तकं नकोत.' त्याखाली दुसऱ्या हातानं, 'वीस पानांनंतर बंद करणार होतो. केलं नाही. आभार.' कुणीतरी लिहिलं, 'बायकोला दिलं. ती म्हणाली, दत्तासारखा नवरा हवा.' कुणीतरी फक्त 'छी'. एका बाईंनी बारीक अक्षरात, 'माझा धाकटा भाऊ असाच होता. त्याला कुणी समजून घेतलं नाही,' असं लिहून पुढे तीन टिंबं दिली होती. मी ती ओळ बराच वेळ बघत बसले.

आणि एक शेरा असा होता, 'पान ६२वर पंक्चर काढण्याची पद्धत चुकीची. ट्यूब आधी घासतात, मग सोल्यूशन लावतात. बाकी ठीक.'

हे अक्षर कुणाचं, ते मी लगेच ओळखलं. यंत्राच्या नकाशावर लिहावं तसं सरळ, सुटं अक्षर. प्रकाश साळुंके. बोम्मसंद्र्यात एका कारखान्यात सुपरवायझर. पन्नाशीचे, एकटे राहतात, बोलणं मोजकं. पूर्वी दोन बस बदलून यायचे, आता मेट्रोनं येतात. दर शनिवारी चारला, दार उघडताना. त्यांची बहीण आणि मेहुणे राजाजीनगरातच राहतात आणि मंडळाचे जुने सभासद आहेत. साळुंक्यांनी ते पुस्तक पहिल्यांदा नेलं तेव्हा मी काही मनात आणलं नाही. दोन महिन्यांनी परत नेलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा परत आलं तेव्हा चिठ्ठीवरचं 'बाकी ठीक' खोडलेलं होतं आणि वर लिहिलं होतं, 'बाकी सगळं बरोबर.'

मधे एकदा ते आले तेव्हा पुस्तक बाहेर होतं. मी सवयीनं म्हटलं, "फळ्यावर नाव घालू का?"

"नको नको." ते फळ्यापासून दोन पावलं मागेच सरकले. "असलं तर नेईन. नसलं तर राहू दे."

मी कुणाच्या आयुष्याबद्दल अंदाज बांधत नाही. वहीत तीन नोंदी होत्या, एवढंच मला माहीत होतं.

मग ते भास्करराव मान्यांच्या घरी गेलं.

भास्करराव मंडळाचे चिटणीस. बँकेतून निवृत्त झालेले, अतिशय उपयोगी माणूस. हॉलचं छप्पर गळत होतं तेव्हा तीन महिने मागे लागून त्यांनीच ते बदलून घेतलं. त्यांची आई नव्वदीची, डोळ्यांनी कमी दिसतं, म्हणून भास्करराव रोज जेवणानंतर तिला अर्धा तास वाचून दाखवतात. ही गोष्ट त्यांच्या तोंडून मला कळली, तीही फोनवर, फार मोठ्या आवाजात.

"लताबाई, कौटुंबिक लिहिलंय त्यावर! कौटुंबिक! मी आईला वाचून दाखवत होतो!"

"कितव्या पानापर्यंत आलात?"

"एकशे ऐंशी!"

मला हसू आवरेना. फोन तोंडापासून लांब धरला. "मग?"

"मग काय, बंद केलं मी. आणि आई म्हणते, पुढे वाच. मी म्हटलं, पुढची पानं फाटली आहेत. आईशी खोटं बोलायला लावलंत तुम्ही मला, या वयात! हे मी सभेत काढणार."

त्यांनी काढलं. वार्षिक सभा रविवारी अकराला असते. आधी उप्पीट आणि कॉफी, मग अहवाल. त्या दिवशी पंचेचाळीस माणसं होती, म्हणजे नेहमीच्या दुप्पट. बातमी फिरली होती. सुलोचनाक्का पहिल्या रांगेत. नेहा सर्जापूर रोडहून दोन मैत्रिणींना घेऊन आलेली. साळुंक्यांची बहीण आणि मेहुणे दुसऱ्या रांगेत. आणि साळुंके स्वतः अगदी मागे, दाराशी, हातात कॉफीचा पेला घेऊन उभे.

भास्कररावांनी शांतपणे मांडलं. वाईट शब्द एकही वापरला नाही. म्हणाले, "पुस्तक काढून टाकावं, ही माझी पहिली सूचना. दुसरी, ते कुणाकुणाच्या घरी गेलं ते सभेपुढे यावं. चुकीच्या कपाटातून गेलंय, घराघरांत मुलं आहेत. लोकांना कळायला हवं. लताबाईंच्या वहीत सगळं असतं. त्यांच्यासारखी वही बेंगळुरात कुणी ठेवत नाही."

हे बावीस वर्षं मीच मिरवत आले होते. प्रत्येक अहवालात माझ्या वहीचं कौतुक असतं. आता ती लाल कापडी बांधणीची वही माझ्यासमोर टेबलावर होती आणि पंचेचाळीस माणसं तिच्याकडे बघत होती. वही नाही, हरवली, असं म्हटलं असतं तर कुणाचा विश्वास बसला नसता. त्या वहीत एक नाव तीनदा होतं. मी मागे दाराकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही.

मी वहीवर हात ठेवला. "पुस्तक चुकीच्या कपाटात गेलं, ती चूक माझी. न वाचता शिक्का मारला. पण वही उघडणार नाही."

"का? वही मंडळाची आहे."

"वही मंडळाची आहे. नोंदी वाचकांच्या आहेत. पुस्तकं किती आहेत, किती हरवली, हे मोजा. कुणी काय वाचलं, ते मी आजपर्यंत एकदाच सांगितलंय आणि ते मला अजून पुरतंय."

"अहो, यात लपवण्यासारखं काय आहे?"

"काहीच नाही. म्हणून तर दाखवायचीही गरज नाही." मग मी पर्समधून कपाटांच्या किल्ल्या काढून वहीशेजारी ठेवल्या. "हव्या असतील तर या घ्या. वही मात्र नव्या बाईंना मी कोरी देईन."

भास्करराव किल्ल्यांकडे बघत राहिले. त्यांना हे नको होतं, हे दिसत होतं. पण मागे कसं यायचं, तेही कळत नव्हतं. आणि मला खरंच वाटलं, गेलं. बावीस वर्षं गेली.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ए भास्कर." सुलोचनाक्का उभ्या होत्या. भास्कररावांना त्यांनी लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेलं. "तिला कशाला छळतोस? मला विचार. मी नेलं. दोनदा नेलं. काय म्हणणं आहे?"

"अक्का, तुमचं वेगळं..."

"काय वेगळं? म्हातारी झाले म्हणून वाचायचं नाही?"

नेहा उभी राहिली. "मीपण नेलं. माझ्या दोन्ही फ्रेंड्सनी पण वाचलं." मग एक गृहस्थ उठले, "आमच्याकडे बायकोनं आणि मी, दोघांनी." मग त्यांच्या पत्नी उठल्या आणि म्हणाल्या, "दत्तासारखा नवरा हवा, हे मीच म्हटलं होतं." हॉलमध्ये हशा पिकला. मग कोपऱ्यातून एक, मधून दोन. मी मनात मोजत होते. नऊ, दहा, अकरा. बारावे उठले ते आमचे ज्योतिषवाले आजोबा. गेली सहा वर्षं त्यांनी पत्रिका आणि ग्रह सोडून एकही पुस्तक नेलेलं नाही. छातीवर हात ठेवून ते म्हणाले, "मीही वाचलंय!"

माझ्या जिभेवर अगदी आलं होतं, 'आजोबा, तुम्ही नाही नेलेलं!' बावीस वर्षांत वहीबाहेरची खोटी नोंद मी कधी चालवून घेतली नव्हती. ओठ दाबून बसले. ते दुरुस्त केलं असतं, तर वही उघडल्यासारखंच झालं असतं. त्यांच्यामागून आणखी चौघं उठले. त्यांतल्या तिघांनी ते पुस्तक बघितलंसुद्धा नव्हतं. मी त्याही तीन खोट्या नोंदी हसत गिळल्या.

आणि मान्यांचं घर? त्या वहीतली सगळ्यात ताजी नोंद त्यांचीच होती. एक बोट ठेवलं असतं तर सभा तिथेच संपली असती. मी ते केलं नाही. नियम म्हणजे नियम. भास्कररावांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. त्यांना कळलं.

ते खाकरले. "यादीचा मुद्दा मी मागे घेतो. पण निदान कौटुंबिकमधून तरी काढा."

"तेव्हा मी ते चुकून ठेवलं होतं," मी म्हटलं. "वाचलं नव्हतं. आता वाचलंय. आता मुद्दाम ठेवते. दोन माणसं घर बांधतात, भांडतात, आजारपणं काढतात, एकमेकांसाठी जेवायचं थांबतात. याला कौटुंबिक नाही म्हणायचं तर त्या कपाटातली निम्मी पुस्तकं मला बाहेर काढावी लागतील."

अध्यक्षांनी हात वर करायला सांगितले. पुस्तक राहावं म्हणून एकतीस, जावं म्हणून पाच, बाकीचे उप्पिटाच्या ताटल्या उचलत होते. माझ्या किल्ल्या सुलोचनाक्कांनी उचलून माझ्या पर्समध्ये टाकल्या आणि चेन लावली. "आता फोडणीचं काय ते त्या लेखकाला कळव," असं म्हणून त्या गेल्या.

मी मागे बघितलं तेव्हा दाराशी कुणी नव्हतं. कॉफीचा पेला खिडकीच्या कट्ट्यावर होता, भरलेला, साय धरलेला. उभ्या राहिलेल्यांत ते नव्हते, आणि त्यांना उभं राहावं लागलं नाही, याचंच मला समाधान होतं. तरी घरी जाताना वाटलं, आता हा माणूस परत येतो की नाही. ते टपालाचं पुडकं आठवत राहिलं.

त्या आठवड्यात पुस्तकाला इतकी मागणी आली की हिरव्या फळ्यावरचा कागद बदलावा लागला. आमच्याकडे प्रतीक्षा यादीत तीन नावं झाली तरी मी खूश असते. इथे दहा झाली. ज्योतिषवाले आजोबा चौथे. म्हणाले, "बोललोय सभेत, आता वाचायला हवं."

शुक्रवारी भास्करराव आले. फळ्यासमोर उभे राहून बराच वेळ चष्मा पुसत होते.

"आईसाठी," ते शेवटी म्हणाले. "रोज विचारते, पानं शिवून झाली का. लिहा माझं नाव."

"आईंचं लिहू?"

"माझंच लिहा. वाचायचं मलाच आहे ना."

अकरावं नाव लिहिलं, भास्कर माने.

शनिवारी चारला मी दार उघडलं. पायरीवर साळुंके होते. नेहमीसारखी पिशवी, नेहमीसारखा इस्त्रीचा शर्ट. आत आले, नेलेलं दुसरं पुस्तक परत केलं, कौटुंबिक कपाटापाशी गेले. ४१०६ची जागा रिकामी होती. मी टेबलावरचं काम करत राहिले. फळ्यावर नाव घालू का, हे त्यांना आज विचारायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

ते फळ्यासमोर गेले आणि यादी वरपासून खालपर्यंत वाचली. अकराव्या नावाशी थांबले. मग माझ्याकडे वळले.

"लताक्का, माझं नाव घाला."

मी खडू उचलणार होते, मग आठवलं की कागद आहे, पेन लागेल. "प्र. साळुंके लिहू?"

"पूर्ण लिहा," ते म्हणाले. "सगळ्यांचं पूर्ण आहे."

मी भास्कर मान्यांच्या खाली, आकडा बारा घालून, प्रकाश दौलतराव साळुंके लिहिलं. माझं अक्षर त्यांच्याइतकं सुबक नाही, पण त्या दिवशी मी पट्टी लावून लिहिलं. त्यांनी ते वाचलं, मान हलवली, रहस्याच्या कपाटातून एक पुस्तक घेतलं आणि मेट्रोला गेले.

सोमवारी मी दुसरी प्रत मागवली. ती आली, तेव्हा आधी पुन्हा एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि मगच शिक्का मारला. कौटुंबिक.